शेवटच्या टाकीची हाक

आमच्या वाडीच्या टाकीत चार दिवस पाणी चढलं नाही, आणि ते चारही दिवस माझ्या पडद्यावर सगळं हिरवं होतं. तो हिरवा रंग आठवला की माझ्या जिभेवर गंजलेल्या लोखंडाची चव येते.

रत्नागिरीजवळच्या आमच्या गावाच्या नळयोजनेचं सॉफ्टवेअर मी लिहिलं. प्रत्येक टाकीला एक एजंट, म्हणजे तिची झडप सांभाळणारा छोटा, स्वतंत्र प्रोग्राम. प्रत्येकाने ठरावीक वेळाने इतरांना कळवायचं : मी आहे. तीनदा हाक चुकली, की तो एजंट बंद पडला असं धरून बाकीच्यांनी त्याला यादीतून वगळायचं, त्याच्या वाटणीचं पाणी आपसांत वाटून घ्यायचं. एक पडला तरी योजना पडू नये. रचना ओवीसारखी होती, अक्षर कमीजास्त झालं तरी चाल सावरून घेणारी. मला तिचा गर्व होता.

त्याआधी हे काम गावचा पाणीवाला करी. वाडीची टाकी भरली की कातळाच्या कडेवरून कुणीतरी बाई कुकारा घाली, दरी ओलांडून जाणारी लांब हाक. मग तो खालची झडप बंद करी. कुकारा आला नाही तर तो पाणी दुसरीकडे वळवत नसे. झडपेची लांब किल्ली खांद्यावर टाकून, चढण चढून बघायला येई.

माझ्या नियमात ती चढण नव्हती.

चौथ्या दिवशी वाडीवरून आत्याचा फोन आला.

"काय गो बाय, आमाला मेलेली धरलंस काय?"

"असं काय बोलतेस, आत्या?"

"मग काय बोलू? चार दिस हा गुडघा घेऊन खालच्या विहिरीवर जातेय. पाणीवाला म्हनतो, मशीन सांगतंय सगळीकडे पानी चढलं. तुझ्या मशीनच्या सगळीकडेत आमी नाय वाटतं."

मी नोंदी उघडल्या. वाडीवरचं नेटवर्क जेमतेम काही मिनिटं गेलं होतं. ते परतलं तेव्हापासून तो एजंट हाका मारत होता. मी आहे. मी आहे. पानांमागून पानं. प्रत्येक हाकेपुढे एकच उत्तर : यादीत नाही, नाकारले. वगळलेल्याला परत घ्यायला पाणीपुरवठा विभागातल्या साहेबांची मंजुरी लागे. ती खबरदारी माझीच. आणि वगळलेली टाकी पडद्यावर दिसतच नसे. ती टापटीपही माझीच.

आमची वाडी गावाच्या शेवटी का आहे, हे गावात कुणी सांगत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं. माझी आजी लहानपणी विहिरीपासून लांब उभी राहायची, कुणी वरून ओतील तेवढंच पाणी ओंजळीत घ्यायची. त्याच वाडीच्या लेकीने, थंड खोलीत बसून, यंत्राला तेच शिकवलं होतं. कुणाला राग आहे म्हणून नव्हे. नीटनेटकेपणासाठी.

मी साहेबांना फोन करून वाडीचे चार दिवस सांगितले.

"पण मॅडम, सिस्टीम एकदाही थांबली नाही," ते म्हणाले. "हेच तर आपलं यश."

"ती थांबायला हवी होती, सर."

"एका टाकीसाठी?"

मी फोन ठेवला. पाणीवाल्याला कळवलं आणि वाडीकडे निघाले.

त्या संध्याकाळी पाणीवाल्याने किल्लीने झडप उघडली. टाकीत आधी तांबडं, गढूळ पाणी खळाळलं, मग स्वच्छ. तापलेल्या सिमेंटचा ओला वास उठला. आत्याने हंडा भरला. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी नवा नियम लिहिला आहे : हाक चुकली तर वाटणी मोडायची नाही; आधी माणसाने चढून बघायचं. तो अजून साहेबांच्या मंजुरीसाठी पडून आहे. विचारलं की म्हणतात, त्याने कामाचा वेग कमी होईल.

तोवर वाडीच्या झडपेची किल्ली पाणीवाल्याकडेच आहे. रोज सकाळी टाकी भरली की आत्या कडेवर जाऊन कुकारा घालते. फोन चालू ठेवून तो मला ऐकवतेही.