निरोपाचा फोटो

काल भाचीच्या साखरपुड्यात फोटोग्राफर मला म्हणाला, "काकू, जरा हसा की!" मी ओठ घट्ट मिटून घेतले.

नोकरीतल्या शेवटच्या वर्षी साहेबांनी आधी माझं काम काढून घेतलं, मग टेबल जिन्याखाली हलवलं. 'जा' असं मात्र तोंडाने कुणी म्हटलं नाही. शेवटी कंटाळून मीच राजीनामा दिला. त्यावर लगेच माझा निरोप समारंभ! ज्यांनी मला हुसकावलं त्याच साहेबांनी खांद्यावर शाल घातली, हातात नारळ ठेवला आणि वर गळाही दाटून आणला. कुणीतरी ओरडलं, "मॅडम, हसा!" आणि मी हसले. शाल घालणाऱ्यासमोर तोंड पाडून उभं राहायचं नसतं, हे अंगात मुरलेलं.

पुढे मी दावा लावला, तेव्हा कामगार न्यायालयात समारंभातला तोच फोटो आला. कंपनीचे वकील म्हणाले, "छळून घालवलेली बाई अशी हसते का?" न्यायाधीशांना ते पटलं. माझा दावा फेटाळला गेला. जिन्याखालच्या त्या वर्षाला एकही साक्षीदार मिळाला नाही. हसण्याला अख्खं ऑफिस हजर होतं.

आपली माणसं हाकलतानासुद्धा रीत सोडत नाहीत. आणि आपण मूर्ख, हाकललं जातानाही ती पाळतो.

"काकू, एकदाच हसा ना!" फोटोग्राफर काही हटेना.

"बाबा रे," मी म्हटलं, "एकदाच हसले होते. त्याचं अपील अजून चालू आहे."