पाटी बदलली, मी नव्हे

“दादा रोह्याला हरवला. पेणची गाडी सोडून मुरुडच्या गाडीत जाऊन बसला,” असे माझा धाकटा भाऊ पेणच्या आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. या कथेमुळे लेकीकडे रोह्याला एकट्याने जाण्यास मला बंदी झाली आहे. म्हणून ती खोडून काढणे भाग आहे.

रोह्याचा स्टँड मला नवा होता, हे मान्य. परंतु पेणची पाटी वाचूनच मी खिडकीतून टोपी टाकून जागा धरली आणि चहा घेऊन त्याच जागेवर येऊन बसलो. मधल्या वेळात कोणी पाटी बदलली, हा अपराध माझा नव्हे.

शेजारच्या बाई म्हणाल्या, “आजोबा, ही पेणला जायाची नाय. मुरुडची हाय.”

“टोपी टाकली तेव्हा पेणचीच होती,” मी म्हणालो.

कंडक्टर हसला. “मग टोपीला पाठवा पेणला, तुम्ही चला मुरुडला. समुद्र तरी बघाल!”

मी वाद घातला. हरलो नाही, गाडी सुटायची वेळ झाली म्हणून स्वखुशीने उतरलो आणि पुढच्या गाडीने पेणला आलो. वादाच्या भरात फोन उचलला नाही, तेवढ्यावरून घाबरून लेकीने भावाला कळवले आणि तो मला शोधायला मोटारसायकलवरून रोह्याला धावला.

याहून अधिक युक्तिवाद मी करीत नाही. तो शोधून, दमून घरी परतला, तेव्हा त्याला दार मी उघडले.