डाव्या हाताला ठेवलेला आवाज

१९९२च्या फेब्रुवारीअखेर पश्चिम राजस्थानात झालेल्या एका वाळवंटी मोटरसायकल शर्यतीत दोन स्पर्धकांना भर दुपारी पत्र्याचा डबा वाजवल्याचा आवाज ऐकू आला. आसपास वस्ती नव्हती. एक स्पर्धक आवाजाच्या दिशेने गेला आणि खाऱ्या चिखलात रुतला. दुसऱ्याने तो आवाज डाव्या हाताला ठेवला आणि तो चेकपॉइंटला पोचला. हा दुसरा स्पर्धक डहाणू तालुक्यातल्या वरोर गावचा होता.

मी त्या काळात डहाणूत एका दैनिकाचा वार्ताहर होतो. तालुक्यातून भुताखेतांच्या बातम्या अधूनमधून यायच्या. मी त्या पुढे पाठवत नसे. हायवेच्या एका वळणावर पांढऱ्या साडीतली बाई दिसते, असं ट्रकवाले सांगायचे. एकदा जाऊन पाहिलं, तर बाभळीला अडकलेली सिमेंटची फाटकी गोणी निघाली. तेव्हापासून अशा गोष्टींवर विश्वास ठेवण्याचा प्रश्न माझ्यापुरता मिटला होता. खालची हकिगत मी आजवर छापायला दिली नाही, कारण तिच्यात मला गोणी सापडली नाही.

वरोरचा स्पर्धक म्हणजे माझा शाळेतला मित्र अनंत. मच्छीमाराच्या घरातला. तलासरीच्या शाळेत पी.टी. शिकवायचा आणि बायकोसह डहाणूत राहायचा. रोज मोटरसायकलवर चारोटी, मग हायवेने विवळवेढ्यावरून तलासरी. शाळा सुटली की घरी न येता कुर्झे धरणाच्या बाजूच्या दगडी वाटांवर गाडी घालायचा. रविवारी ओहोटी असली की वरोरच्या किनाऱ्यावर, भुसभुशीत वाळूत. लांब पल्ल्याच्या वाळवंटी शर्यतीत उतरायचं आणि ती पूर्ण करायची, एवढंच त्याला हवं होतं. नंबराबद्दल तो कधी बोलला नाही.

शाळेत त्याची चेष्टा व्हायची. हेडमास्तर म्हणायचे, "मास्तर, पोरांना कवायत शिकवा. तुमचं बघून उद्या सगळी सायकली घेऊन धरणात उतरतील."

घरी चेष्टा नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याची बायको सुमन त्याच्या जॅकेटचं तुटलेलं बटण लावत होती. तीही शिक्षिका.

"भावोजी, तुम्ही बरोबर आहात ना?" तिने मला विचारलं.

"आहे. पेट्रोल भरायला आणि चहा करायला."

"मग एक करा. वाळूतच मरायचं असेल तर वरोरची वाळू काय वाईट आहे, ते यांना विचारा. निदान उचलायला ओळखीचे लोक तरी असतील."

"मी शर्यत संपवून येणार," अनंत म्हणाला.

"संपवा, नाहीतर सोडा. पण या." तिने दोरा दाताने तोडला.

अशा शर्यतीचा धोका वेगात कमी आणि चुकण्यात जास्त असतो. तेव्हा उपग्रहावरून दिशा सांगणारी यंत्रं आमच्यापर्यंत आलेली नव्हती. प्रत्येक स्पर्धकाच्या हँडलवर एका डबीत कागदाची गुंडाळी असायची. अमुक किलोमीटरला डावीकडे वळा, अमुक किलोमीटरला कोरडा ओढा — असं तिच्यावर लिहिलेलं. अंतर मोजायला ट्रिपमीटर. यातलं एक जरी बिघडलं तरी माणूस नुसत्या वाळूत उभा राहतो. टेकाडाच्या पलीकडे पडला, तर मागून येणाऱ्याला दिसत नाही. पाणी पाठीवर मावेल तेवढंच.

तिसऱ्या दिवशी अनंतच्या ट्रिपमीटरची केबल तुटली. तरी तो चाकांच्या खुणा बघत पुढे गेला. दुपारी एका टेकाडापाशी त्याला पुण्याचा नितीन भेटला. नितीन आधी एकदा पडला होता. ट्रिपमीटर शाबूत होता, पण गुंडाळीची डबी फुटून कागद उडून गेला होता.

पुढचा भाग मी पाहिलेला नाही. मी चेकपॉइंटवर होतो. दोघांना नंतर मी वेगवेगळं गाठून विचारलं. जे दोघांनी सारखं सांगितलं, तेवढंच इथे लिहितो.

नितीन म्हणाला, "तुझ्याकडे रस्ता, माझ्याकडे किलोमीटर. लग्नच लावून टाकू."

"हुंडा काय देणार?"

"अर्धी बाटली पाणी आहे."

दोघं एकत्र निघाले. थोड्याच वेळात वारा सुटला आणि धूळ उठली. पुढच्या चाकापलीकडचं दिसेना, म्हणून दोघांनी गाड्या बंद केल्या आणि तोंडाला रुमाल बांधून उभे राहिले. गाड्या बंद झाल्यावर आवाज ऐकू आला. रिकाम्या डब्यावर काठी मारल्याचा. दोन ठोके, मध्ये थांबून एक, मग तीन भराभर. पुन्हा तेच.

"चेकपॉइंटवाले," नितीन म्हणाला. "आपल्यासाठीच वाजवतायत. चल."

"सरळ नको. डाव्या हाताला ठेव आणि पुढे जा."

"का?"

"हा आमचा नाही."

"आमचा नाही म्हणजे?"

अनंतला ते धड सांगता आलं नाही. तो एवढंच म्हणाला, "आमच्याकडे दुसऱ्याच्या ठेक्यावर सरळ जात नाहीत."

"तुमच्याकडे समुद्र आहे रे. इथे काय बुडणार आहोत?" नितीनने किक मारली आणि तो आवाजाकडे गेला. अनंतने त्याला दोनदा हाक मारली. इंजिनाच्या आवाजात ती पोचली नाही.

इथे वरोरची एक रीत सांगायला हवी. धुकं पडलं आणि होड्या बाहेर असल्या की किनाऱ्यावरून पत्र्याचे डबे वाजवतात. सगळी घरं एकसारखं वाजवत नाहीत. घराघराचा ठेका वेगळा. आपला ओळखून माणूस आपल्या जागी होडी लावतो. दुसऱ्याचा ऐकू आला, तर त्यावरून आपली जागा कुठल्या अंगाला हे समजतं. अनंतच्या घराच्या उत्तरेला लक्ष्मणदादांचं घर. त्या घरासमोर पाण्यात खडक आहेत. खडकांमधली वाट फक्त त्याच घरच्यांना माहीत. म्हणून अनंतच्या घरात लहानपणीच शिकवतात — लक्ष्मणदादांचा डबा ऐकू आला की तो डाव्या हाताला ठेवायचा आणि पुढे जायचं. सरळ गेलास तर होडी फुटेल.

वाळवंटात अनंतने तेच केलं, मधूनमधून गाडी बंद करून आवाज ऐकत. हे चूक होतं, असं तो स्वतःच मला म्हणाला. तिथे खडक नव्हते, समुद्र नव्हता. डोक्याने विचार केला असता तर तो नितीनच्या मागे गेला असता.

तो चेकपॉइंटला आला तेव्हा धूळ खाली बसत होती. हेल्मेट काढताच त्याने विचारलं, "नितीन?"

नितीन आला नव्हता.

"डबा कोण वाजवत होतं?"

आमच्याकडे डबा नव्हता. एक निशाण, एक शिट्टी आणि टेबल. मी सकाळपासून तिथे होतो. कोणी काही वाजवलं नव्हतं, आम्हाला काही ऐकूही आलं नव्हतं.

अनंत गाडी वळवू लागला. चेकपॉइंटच्या अधिकाऱ्याने त्याला थांबवलं. पार केलेल्या चेकपॉइंटवरून उलट गेलेला स्पर्धक नियमाप्रमाणे बाद होतो.

"सर, जीप जातेय ना. तुमचा वेळ चांगला आहे. पुढे जा."

"जीपला कुठे जायचं ते माहीत आहे?"

"शोधतील."

"पाणी घाल," अनंत मला म्हणाला. मी त्याच्या पिशवीत पाणी भरलं. तो परत निघाला. मागे जीप, जीपमध्ये डॉक्टर, त्या भागातला एक ड्रायव्हर आणि मी.

धूळ बसल्यावर अनंतच्या चाकांची येतानाची खूण काही ठिकाणी पुसट दिसत होती. ती सरळ नव्हती. एका मोठ्या पांढऱ्या सपाटीच्या कडेने ती लांब वळसा घेऊन आली होती. सपाटी म्हणजे मिठाची साय धरलेलं कोरडं तळं. ड्रायव्हरने जीप काठावर थांबवली. "साब, आगे नहीं. ऊपर नमक, नीचे कीचड़. ऊँट भी नहीं निकलता."

अनंत गाडीवरून उतरून मिठावर पाय टेकत पाहू लागला. त्याच्या गावी खाडीलगत खाजणाचा चिखल आहे. तिथे चालतात तसा तो चालत होता, पुढचा पाय रोवून मगच मागचा उचलत. ऊन उतरत असताना त्याला नितीन दिसला. गाडी टाकीपर्यंत आत गेलेली, उजवा पाय तिच्याखाली, पाणी संपलेलं. दोर आणि जीपच्या फळ्या टाकून आम्ही त्याला ओढून काढलं. गाडी तिथेच सोडली. पायाचं हाड मोडलं होतं. त्या उन्हात दुसरा दिवस निघाला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

शुद्धीवर होता तो. पाणी प्यायल्यावर त्याचं पहिलं वाक्य असं होतं — "एवढा वेळ वाजवत होते, मग आले का नाहीत?"

"कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

त्याने हात वर करून सपाटीच्या मध्याकडे दाखवलं. तिकडे मीठ होतं. तुम्ही यायच्या जरा आधी थांबले, असं तो म्हणाला.

मी तपास केला. त्या बाजूला कोणी राहत नाही, असं ड्रायव्हरने सांगितलं. तरी सर्वांत जवळच्या ढाणीवर, म्हणजे त्या भागातल्या वाडीवर, आम्ही जाऊन विचारलं. त्यांच्यापैकी कोणी त्या दिवशी तिकडे गेलं नव्हतं. उंटाच्या घंटा, वाऱ्याने वाजणारा पत्रा, दुसऱ्या गाडीचं काही सुटं झालेलं... एकेक करून सगळं विचारात घेतलं. वाऱ्याने पत्रा वाजतो, पण दोन-एक-तीन असा पुन्हा पुन्हा वाजत नाही.

हॉस्पिटलमध्ये मी नितीनला विचारलं, आवाज नक्की कसा होता? त्याने चमचा घेऊन पलंगाच्या लोखंडी कडेवर वाजवून दाखवला. अनंत खोलीत होता. तो उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसला. नितीन डहाणूला कधी आलेला नव्हता, वरोर हे नावही त्याने अनंतकडूनच पहिल्यांदा ऐकलं होतं.

राहिलं एकच. अनंतने ठेका लक्ष्मणदादांच्या घरचा म्हणून ओळखला, पण ओळखण्यात त्याची चूक झाली असेल, असं मला वाटत होतं. कारण लक्ष्मणदादांचं घर तेव्हा बंद होतं. त्यांची होडी ऐंशीच्या दशकात एका धुक्याच्या सकाळी परत आली नव्हती. त्यांची बायको जानकीकाकी त्यानंतर डहाणूत भावाकडे राहायला आली आणि बाजारात सुकी मासळी विकू लागली.

डहाणूला परतल्यावर मी बाजारात गेलो. काकी एका गिऱ्हाइकाशी बोंबलांवरून भांडत होती. ते गेल्यावर मी विचारलं.

"काकी, तुमच्या घरचा ठेका कसा होता?"

"कशाला पाहिजे?"

"माहीत करून घ्यायचाय."

"पेपरात टाकशील."

"नाही टाकत."

तिने टोपलीतले बोंबील सारखे केले. मग टोपलीशेजारचा रिकामा डबा पालथा केला आणि बोटांनी वाजवला. दोन, थांबून एक, मग तीन भराभर.

"त्या सकाळी हात सुजेस्तोवर वाजवला," ती म्हणाली. "त्यानंतर आज. घेणार काय? सुकट चांगली आहे."

मी सुकट घेतली. राजस्थानात काय झालं, ते तिला सांगितलं नाही. काकीचा ठेका कधीही न ऐकलेल्या नितीनने तो जसाच्या तसा कसा वाजवून दाखवला, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आजही नाही.

अनंत त्या वर्षी बाद ठरला. पुढच्या हिवाळ्यात त्याने पुन्हा नाव दिलं. हेडमास्तरांनी रजा दिली, चेष्टा केली नाही. निघताना सुमन दारात उभी होती.

"परत तसं ऐकू आलं तर?"

"डाव्या हाताला ठेवीन."

"आणि कोणी बरोबर असेल तर?"

"त्याची चावी काढून घेईन."

ती बाजूला झाली.

मी पुन्हा पेट्रोल आणि चहासाठी बरोबर होतो. त्या वर्षी मार्ग बदललेला होता. तरी एका टप्प्यात तो त्याच सपाटीच्या जवळून जात होता. नितीनची गाडी उन्हाळ्यातही कोणी काढली नव्हती. तिचं हँडल मिठाच्या वर दिसत होतं, असं अनंतने संध्याकाळी सांगितलं. तिथे त्याने गाडी बंद केली, हेल्मेट काढलं आणि थोडा वेळ ऐकत उभा राहिला. वारा होता. दुसरं काही ऐकू आलं नाही. शेवटच्या दिवशी दुपारी त्याने शर्यत पूर्ण केली.