सासूबाईंची साक्ष

पहिला दगड कौलावर पडला तेव्हा मला वाटलं, माकडं आली. आमच्या रत्नागिरीत माकडांचा नुसता सुळसुळाट, फणस धरले की कौलांची वाट लावतात. मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, "हाड मेल्यानू!" आणि चहात साखर घालायला लागले. दुसरा दगड पडला, कौल फुटून तुकडे ओट्यावर आले आणि बाहेरच्या खोलीतलं गाणं मध्येच थांबलं. मग घोषणा ऐकू आल्या. माकडं घोषणा देत नाहीत.

त्या दुपारी आमच्याकडे प्रार्थनासभा होती. सभा म्हणजे तरी काय, चर्चमधली पाच-सहा माणसं, एक पेटी आणि माझ्या सासूबाई. कारण होतं आमची शेजारीण. तिचा नवरा बोटीवर खलाशी, आणि बरेच दिवस त्याचा फोन नव्हता. बिचारीने घरच्या देवाला नारळ बोलला, गणपतीपुळ्याला जाऊन आली, आणि तरी काही कळेना तेव्हा आमच्या पडवीत येऊन सासूबाईंपाशी रडली. सासूबाई म्हणाल्या, बुधवारी ये, सगळे मिळून प्रार्थना करू. एवढंच घडलं होतं. पण कोणाच्या तरी तोंडात तीळ भिजला नाही, आणि बुधवारपर्यंत गावभर झालं की ख्रिश्चन लोक बायका बाटवतायत.

या एका शब्दाने माझं डोकं सणकतं. आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. माझ्या पणजोबांना लोक बाटगा म्हणाले असतील, समजू शकते. पण मी कधी बाटले? मी जन्मलेच अशी. माझी मातृभाषा मराठी, माझ्या डब्यात बांगड्याचं तिखलं, माझा नवरा इथल्याच एका शाळेत शिपाई, आणि तरी मला विचारतात, तुम्ही मूळच्या कुठल्या? मूळची इथलीच, मेल्या, तुझ्या घराच्या मागची!

मी बाहेर आले तोवर आठ-दहा जण घरात घुसले होते आणि चर्चमधली माणसं मागच्या दाराने निसटली होती. सगळ्यांत पुढे होता नाक्यावरचा मोबाइलवाला. परका असता तर एक वेळ परवडलं असतं. दर नाताळात आमच्या करंज्या चापून "वहिनी, तुमच्या हाताला तोड नाही" म्हणणारा हा माणूस. त्याने पेटीला अशी लाथ घातली की तिचा भाता फाटला आणि ती शेवटचं एकदा भेसूर वाजली. शेजारणीचा दीरही त्यांच्यात होता. त्याने तिचं मनगट धरलं आणि चपलासुद्धा घालू न देता तिला फरफटत घरी नेलं. ती ओरडत होती, "अहो, मी नुसती बसायला आले होते!" कोण ऐकतोय?

माझा नवरा भांडखोर नाही. आमच्या घरातला भांडणाचा सगळा वाटा मी एकटीने उचललेला आहे. तो हात जोडून मध्ये उभा राहिला, "बसून बोलू, बसून बोलू" करत. मोबाइलवाल्याने दारामागचा अडसर उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. नवरा गुडघ्यावर बसला, आणि रक्त कपाळावरून, नाकावरून, पांढऱ्या शर्टावर उतरलं.

मी आत गेले, चहाचं पातेलं उचललं आणि मोबाइलवाल्याच्या अंगावर उकळता चहा ओतला. तो बोंबलला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं. पातेलं रिकामं झालं तरी मी त्याच पातेल्याने त्याला खांद्यावर, पाठीवर, जिथे बसेल तिथे हाणत राहिले, मग कोणीतरी मागून माझे केस धरले आणि माझं तोंड भिंतीवर आपटलं. पुढचा दात तुटला तो तेव्हा. सासूबाई खाटेवर बसून डोळे मिटून मोठमोठ्याने प्रार्थना करत होत्या, आणि मारामारी थांबली ती पोलिसांची गाडी आली तेव्हाच.

चौकीत एका बाकावर आम्ही तिघं, समोरच्या बाकावर ते. मोबाइलवाल्याने हातभर टूथपेस्ट फासली होती. नवऱ्याला सरकारी दवाखान्यात टाके घालून आणलं होतं, तरी पट्टी लाल होत चाललेली. साहेब माणूस वाईट नव्हता, त्याला नुसतं प्रकरण नको होतं. म्हणाला, "हे बघा, तुमच्या माणसाचं डोकं फुटलं, त्यांचा माणूस भाजला. फिट्टंफाट. दोघांनी तक्रारी मागे घ्या नि घरी जा."

"फिट्टंफाट?" मी उठलेच. "घर आमचं, कौलं आमची, दात माझा, आणि फिट्टंफाट?"

नवऱ्याने माझ्या पायावर पाय दाबला. मी बसले.

"फक्त ते धर्मांतराचं तेवढं साफ होऊ दे," साहेब म्हणाला. "त्यांची तशी लेखी तक्रार आहे. ती खरी निघाली तर मला गुन्हा घ्यावा लागेल, आणि घरातला पुरुष आत जाईल."

नवरा शाळेत अजून कायम झालेला नव्हता. बरीच वर्षं तात्पुरता म्हणून राबत होता, यंदा होईल अशी आशा होती. आत गेला की ती नोकरी गेली, हे तिथल्या टेबलखुर्चीलाही कळत होतं. आणि सुटणं तरी किती सोपं! कोणी कोणाला बाटवलं नाही एवढंच सांगायचं होतं, आणि ते खरंच होतं.

साहेब सासूबाईंकडे वळला. "आजी, सभा तुम्ही बोलावली ना? मग तुम्हीच साक्ष द्या. काय झालं ते सांगा, अंगठा उठवा, संपलं."

तिथेच घात झाला. साक्ष हा शब्द बाकी जगासाठी कोर्टकचेरीचा. आमच्यात साक्ष म्हणजे उपासनेत सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. सासूबाई उभ्या जन्मात कोर्टाची पायरी चढल्या नाहीत, पण साक्षीत त्यांचा हात धरणारं आमच्या मंडळीत कोणी नाही. त्या उठल्या की पाळकसाहेब घड्याळाकडे बघतात.

त्यांनी चपला काढल्या. डोक्यावर पदर घेतला.

"प्रभूच्या पवित्र नावात सर्व बंधुभगिनींना माझा सलाम," सासूबाई म्हणाल्या. घरी 'काय गो, नाय गो' करणाऱ्या सासूबाई साक्षीला उभ्या राहिल्या की बायबलातल्यासारखं बोलतात. आणि बंधू म्हणजे कोण, तर समोरचा बाक!

"आई, बसा," मी पदर ओढला. त्यांनी माझा हात झटकला. साक्षीत मध्ये बोलत नाहीत.

"मी एक अभागी स्त्री होते. माझा धनी दारू पिऊन मला मारी. एकदा त्याने मला एवढे मारले की माझ्या पोटातले लेकरू गेले. मी जीव द्यायला विहिरीवर गेले. काठावर उभी असता प्रभूने मला हाक मारली. मी मागे फिरले. तेव्हापासून जो कोणी रडत माझ्या दारी येतो, त्याला मी प्रभूकडे आणते. ही माझी शेजारीण रडत आली. मी तिला म्हटले, बाई, माझ्या प्रभूकडे ये. आणि बंधूंनो, मी तिला आणले."

हवालदारापासून सगळे ऐकत होते. मोबाइलवालासुद्धा तोंड उघडं टाकून ऐकत होता. मग त्याला भान आलं. तो ताडकन उठला, मागचा बाक कलंडला. "ऐकलंत? कबूल केलं! स्वतःच्या तोंडाने कबूल केलं!" त्याची माणसं टेबलावर हात आपटायला लागली. एकजण सासूबाईंच्या अंगावर धावला, हवालदाराने त्याला कॉलर धरून भिंतीला लावलं.

साहेबाने कपाळाला हात लावला. मला बाजूला बोलावलं नाही, पण आवाज खाली आणला. "ताई, म्हाताऱ्या आहेत. डोकं ठिकाणावर नाही असं लिहितो. तुम्ही सून आहात, घरात सांभाळता. फक्त हो म्हणा. मी इथल्या इथे मिटवतो."

"म्हण ना," नवरा म्हणाला. मी आणि तो एकाच चर्चच्या तरुण संघात वाढलो, त्याचा आवाज मला आतबाहेर माहीत आहे. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "अगं, हो म्हण."

आता गंमत अशी, की घरी मी सासूबाईंना दिवसातून दहादा म्हणते, आई, तुमचं डोकं फिरलंय. मिठावरून म्हणते, पंख्यावरून म्हणते. तेच इथे एकदा म्हणायचं होतं. मी काही मोठी भक्तीण नाही. माझा धर्म म्हणजे नाताळच्या करंज्या, गुड फ्रायडेची पांढरी साडी आणि चर्चनंतरच्या गप्पा. अंगात राग एवढा, की प्रभूलासुद्धा माझी लाज वाटत असेल.

पण सासूबाई अजून उभ्या होत्या. अनवाणी, पदर घट्ट धरून, एकेकाच्या तोंडाकडे बघत. त्या कसली वाट बघतायत ते मला कळलं. साक्ष संपली की मंडळीने आमेन म्हणायचं असतं. कोणी म्हटलं नव्हतं.

"आमेन," मी म्हटलं.

"म्हणजे काय?" साहेब म्हणाला. "हो की नाही?"

"म्हणजे त्या बोलल्या ते खरं. वेड्याबिड्या काही नाहीत त्या. लिहा."

"तुम्ही पण त्यातल्याच?"

"ख्रिस्ती आहे मी!" मी ओरडले. शिवी हासडावी तसा तो शब्द माझ्या तोंडून गेला, तुटलेल्या दातातून थुंकीही उडाली. "ख्रिस्ती! लिहा!"

साहेबाने लिहिलं. हवालदार नवऱ्याला दंडाला धरून आत घेऊन गेला. नवऱ्याने वळून बघितलं नाही.

रिक्षात सासूबाई माझ्या शेजारी बसल्या. आता त्यांना सगळं कळलं होतं. गाडीतळाचा थांबा मागे पडला तशा माझ्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागल्या. मला वाटलं, लेक आत गेला म्हणून रडतायत.

"तो आमेन म्हणाला नाय गो," त्या म्हणाल्या. "माझा लेक. आमेन म्हणाला नाय."

मी त्यांना धरून बसले. मलाही रडू आवरेना.

नवऱ्याला जामीन मिळाला, पण त्याच्याआधी शाळेचा निरोप घरी पोचला होता, की उद्यापासून येऊ नका. तो घरी आला. अंगावर तोच शर्ट, रक्त वाळून काळं पडलेलं. सासूबाई उठून पुढे झाल्या, तो त्यांच्या पाया पडला. मग खुर्चीत बसला आणि माझ्याकडे बघितलं.

"का नाही म्हणालीस हो?"

मी सगळं घोकून ठेवलं होतं. आईंचं, त्या विहिरीचं, त्या बाकाचं. ऐन वेळी काही आठवेना. "मी ख्रिस्ती आहे म्हणून," मी म्हटलं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी परत ओरडले असते, मला ते जमतं.

"मार मी खाल्ला," तो म्हणाला. "आत मी गेलो. नोकरी माझी गेली. आणि ख्रिस्ती तू."

मग दांडीवरचा टॉवेल घेऊन तो आंघोळीला निघाला. टाक्यांना पाणी लावू नकोस, एवढंच मला म्हणता आलं.