फर्लांग एवढाच का

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी मी विषय बदलण्याचा अर्ज भरून ठेवला होता. इंग्रजी सोडून इतिहास घ्यायचा. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. इंग्रजीच्या वर्गात सहा महिन्यांत मी एकदाही तोंड उघडलं नव्हतं. अर्ज सोमवारी द्यायचा होता. घरी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी सरांनी जुन्या इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या काढायला लावल्या. ज्याला जो शब्द येईल त्याने त्याचं मूळ शोधायचं आणि सोमवारी पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं. मैत्रिणीला ‘विंडो’ आला. त्याचा मूळ अर्थ वाऱ्याचा डोळा, हे तिला मोबाईलवर लगेच सापडलं. मला आला ‘फर्लांग’. मोबाईल म्हणाला, नांगराने ओढलेल्या एका रेघेची लांबी, साधारण दोनशे मीटर. बास. पाच मिनिटं काय बोलणार?

रविवारी कोडोलीला घरी गेले. जेवताना वडिलांना विचारलं, “आबा, फर्लांग माहीत आहे?”

“न्हाय तर काय. मळा हितनं दोन फर्लांग हाय की. कॉलेजात आत्ता शिकवाय लागली व्हय?”

मी मूळ अर्थ सांगितला. म्हटलं, पण रेघ तेवढीच का, ते कुठेच दिलेलं नाही.

आता आमच्या रानात ट्रॅक्टर येतो, पण तरुणपणी आबांनी चार जोड्यांचा नांगर हाकला आहे. ते म्हणाले, “सरळ जायाला बैलास्नी काय वाटत न्हाय. वळवताना जीव जातोय. आठ बैलं वळवायची म्हंजे खेळ न्हवं.”

हात धुऊन त्यांनी माझ्या वहीतून डोकावणारा कागद ओढला आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने दोन शेतं काढली. एक चौकोनी, एक लांब आणि अरुंद. रान दोन्हींत सारखंच.

“आता वळणं मोज.”

मोजली. लांब शेतात फारच कमी होती.

“मग अजून लांब का नाही करायचं?”

“बैलानं दम कुठं खायाचा मग? तुझ्या कॉलेजात?” मग स्वतःशीच हसून म्हणाले, “म्हंजे इंग्रज बी शेतकऱ्याचीच पोरं म्हण की.”

तो कागद म्हणजे माझा अर्ज होता. मी तो परत वहीत ठेवला.

सोमवारी मी फळ्यावर ती दोन शेतं काढली. पहिल्या दोन वाक्यांत अडखळले. मग वळणं मोजायला लागले आणि छोटी, साधी वाक्यं येत गेली. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, रेघ आणखी लांब का नाही? मी बैलांच्या दमाचं सांगितलं. त्यासाठी मला वहीत बघावं लागलं नाही.

तास संपल्यावर सरांनी मूळ चित्र बघायला मागितलं. ते बघून त्यांनी कागद उलटला आणि अर्ज वाचला.

“हा आज द्यायचा होता ना? असा रंगवलेला चालणार नाही. ऑफिसमधून नवा फॉर्म आण.”

“नको सर,” मी म्हणाले. “तेवढा कागद परत द्या. आबांनी काढलंय ते.”