डीला हात लावला नाही

कॉम्प्युटर आमच्या घरात आला तेव्हा मी त्याला घाबरत होते आणि ते मी कोणापासून लपवलंही नव्हतं. बोईसरला आमची दोन खोल्यांची जागा. नवरा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मीटर, गेज असली मापयंत्रं दुरुस्त करायच्या कामाला. मुंबईतल्या कुठल्याशा ऑफिसने मोडीत काढलेलं यंत्र त्याने आणलं, पलंगाशेजारी मांडलं आणि सुरू करून दाखवलं. पडद्यावर खोकी आली. ए, मग एकदम सी, मग डी.

"मधला बी कुठे गेला?" मी विचारलं.

"तो नसतो."

का नसतो ते त्यालाही ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नाही असं म्हणणं त्याच्या स्वभावात बसत नव्हतं. जे नाही त्याचीही जागा राखून ठेवणाऱ्या त्या यंत्रावर माझा विश्वास बसेना.

हळूहळू एवढं समजलं की ए म्हणजे फ्लॉपीची खाच; सीडीची खाच नवऱ्याने नंतर बसवली, तिला त्याने अगदी शेवटचं झेड अक्षर दिलं. आत हार्ड डिस्क एकच, पण एका घराला मधोमध कूड घालून दोन भावांना द्यावं तसे तिचे दोन वाटे केलेले. सीमध्ये विंडोज आणि नवऱ्याचे खेळ, डी माझा. मी किनाऱ्यावरच्या लोकांच्या लग्नपत्रिका टाइप करून द्यायचे, म्हणून मराठी टायपिंग शिकले होते. पण पत्रिका गेल्या असत्या तर पुन्हा केल्या असत्या. डीमध्ये माझ्या बाच्या खुणा होत्या.

माझा बा मुरब्याचा तांडेल. होडी त्याच्या हुकमावर चालायची. समुद्रात पाट्या नसतात, तांडेल किनाऱ्याकडे बघतो. काळदुर्ग डोंगराचा माथा एका ठरावीक ताडाच्या डोक्यावर आला आणि त्याच वेळी उत्तरेकडे तारापूरची चिमणी एखाद्या कळसाला चिकटली, की त्या दोन नजरा जिथे मिळतात तिथे पाण्याखाली खडक. तिथे जाळं टाकलं तर चिंध्याच हातात येणार. अशा खुणा खडकांच्या, घोळ-दाढा मासे लागण्याच्या जागांच्या, ओहोटीत खाडीच्या तोंडातून आत शिरण्याच्या. त्या बापाने मुलाला द्यायच्या, तेही होडीत, पाण्यावर असताना. घरात बोलायच्या नाहीत, कागदावर उतरवायच्या नाहीत, आणि पोरीबाळींना तर मुळीच सांगायच्या नाहीत. माझ्या भावाने होडी विकली आणि कंपनीत लागला. त्याने कधी विचारलं नाही, म्हणून बाने कधी सांगितलं नाही.

मग बाला झटका आला. पहिला झटका हलका होता, वाचा शाबूत राहिली. डॉक्टर जवळ पडतो म्हणून तो आमच्याकडे राहायला आला. एका सकाळी मी भाकरी थापत होते, तो येऊन चुलीपाशी बसावं तसा गॅसच्या ओट्याशी बसला.

"सकाली उठलो नि खडकाची खूण आठवत नाय," तो म्हणाला. "मंग आठवली. पन मधी नव्हती."

भर वादळात कधी न घाबरलेला माणूस तो. त्याचा चेहरा पाहून मी गॅस बंद केला.

"लिव," तो म्हणाला. "पन कागदावर नको. कागद कोनाच्या बी हाती जातो. तुझ्या त्या डब्यात लिव."

म्हणजे आजोबा-पणजोबांनी जे बाईमाणसाला सांगायचं नाही म्हणून ठरवलेलं, ते त्याने मला सांगितलं, आणि जमिनीवर बसून सांगितलं. सांगताना तो दार लोटून घ्यायचा. नवरा घरात असला तर गप्प बसायचा. एखादी खूण सांगून झाली की डोळे मिटून पुन्हा तपासायचा, आणि मला वाचून दाखवायला लावायचा. "ताड डावीकडं. डावीकडं म्हनालो ना मी? बघ." मी टाइप करत गेले. लग्नानंतर बापाशेजारी इतका वेळ मी कधी बसले नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्या काळात मी सुखात होते.

बा मुरब्याला परत गेला आणि तिथे त्याला दुसरा झटका आला. त्यात उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. मी भेटायला गेले की तो डाव्या हाताची बोटं हवेत हलवायचा, मी कळा दाबायचे तशी. मी सांगायचे, "हाय, बा. सगलं हाय." मग त्याचा हात खाली यायचा आणि तो झोपायचा. आय म्हणायची, तू येऊन गेलीस की तो त्या दिवशी नीट जेवतो.

आणि मग नवऱ्याच्या डोक्यात दुसरी हार्ड डिस्क शिरली. जागा पुरत नाही म्हणे. खेळांना पुरत नव्हती हे मी बोलले नाही. कारखान्यातल्या कुणाकडून त्याने एक जुनी डिस्क मिळवली, फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घरी आणली आणि रविवारी सकाळी यंत्राचं पोट उघडलं.

"आधी माझं फ्लॉपीवर घेऊ द्या," मी म्हटलं. खुणांची एक फ्लॉपी मी मागेच करून पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवली होती. काढून बघते तर तिच्यावर बुरशीचे पांढरे ठिपके. आमच्याकडच्या खाऱ्या दमट हवेत पापड टिकत नाहीत, तिथे फ्लॉपी काय टिकणार! खाचेत घातली तर यंत्र दातओठ खाल्ल्यासारखं करकरलं आणि वाचता येत नाही म्हणून मोकळं झालं. घरात दुसरी फ्लॉपी नव्हती.

"आज राहू द्या हो. फ्लॉपी आणू, मग करा."

"अगं, डीला मी हात लावणार नाही. शब्द देतो."

त्याने नवी डिस्क जोडली, काळ्या पडद्यावर काहीबाही करून तिचा एकच अखंड वाटा पाडला, यंत्र पुन्हा सुरू केलं. आता ती फॉरमॅट करायची, म्हणजे धुऊनपुसून वापरण्याजोगी करायची. मी ओल्या हातांनी त्याच्या पाठीमागे उभी राहिले.

"नवी कुठली?"

"ई. सी होता, डी होता, नवा आला तो ई. बालवाडीतलं पोर सांगेल." मग माझा चेहरा बघून जरा मऊ आवाजात म्हणाला, "पंगतीत उशिरा आलेला कुठे बसतो? शेवटच्या पाटावर. तसंच."

हे मला पटलं. जन्मभर तसंच पाहिलेलं.

पडद्यावर इंग्रजीत इशारा आला. ई ड्राइव्हवरचं सगळं नष्ट होईल, पुढे जायचं का? हो असेल तर वाय दाबा. मी वाकून ते अक्षर पाहिलं. ई होतं. पुन्हा पाहिलं. ईच होतं. मी मान हलवली आणि नवऱ्याने वाय दाबलं. टक्के चढू लागले. ते चढत असताना मला वाटत होतं की माझ्या अंगातूनच काहीतरी उतरत चाललंय, आणि मी स्वतःला वेडी म्हटलं.

काम झाल्यावर नवरा खुशीत आला. नव्या घरात सामान लावावं तसं त्याने मित्रांकडून आणलेल्या सीड्या एकेक करून ईमध्ये भरल्या. जेवणं होईपर्यंत ई जवळजवळ भरला होता. मी भांडी आवरून यंत्रापुढे बसले आणि डी उघडायला गेले.

डी फॉरमॅट केलेला नाही, असं आलं. आता करायचा का?

मी कळफलकापासून लांब झाले, चुकून काही दाबलं जाईल म्हणून. "अहो," मी म्हटलं. दोनदा म्हटलं. तो आला, वाचलं, म्हणाला, "असं होणारच नाही." मग त्याने ई उघडला. त्यात त्याच्या सीड्या. पुन्हा डी. तोच प्रश्न, आता करायचा का? मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. कारखान्यात धोक्याचा भोंगा वाजला तरी ज्याच्या कपाळावर आठी पडत नाही, त्याचे ओठ पांढरे झाले होते.

तो तसाच चपला घालून स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासवाल्याकडे गेला. परत आला तेव्हा दारातच उभा राहून सांगू लागला. यंत्र अक्षरं वाटताना आधी प्रत्येक डिस्कचा पहिला, मुख्य वाटा बघतं, आणि उरलेले वाटे मागून. नव्या डिस्कचा तो एकच वाटा, तोच मुख्य. त्यामुळे नवीन आलेली थेट डी होऊन बसली आणि आमचा जुना डी मुकाट मागे सरकून ई झाला. यंत्राने ते कुणाला सांगितलं नाही. आम्ही धुतला तो आमचाच वाटा होता, आणि वर सामान भरलं तेही त्यावरच.

"मी डीला हात लावला नाही गं," तो म्हणत राहिला. "शप्पथ, डीला हात लावला नाही."

खरं होतं ते. खोटं बोलला असता तर मला त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. तो रात्री जेवला नाही. मीही त्याला जेवा म्हटलं नाही.

क्लासवाल्याने डिस्क ठेवून घेतली, काही खटपट केली. सीड्या वरून भरल्या नसत्या तर बरंच निघालं असतं, म्हणाला. निघालं ते एवढंच: सुरुवातीची काही वाक्यं, ज्यात मी हौसेने बाची ओळख लिहिली होती, त्याचं गाव, त्याची होडी. त्याच्याखाली नुसती चौकोनी चिन्हं. एकही खूण नव्हती.

मुरब्याला जायचा दिवस आला तेव्हा मला ताप आला तर बरं असं वाटत होतं. रिक्षात बसून मी पाठ करत होते, आठवतील तेवढ्या खुणा. टाइप केलेलं माणसाला आठवतं असा माझा समज होता. पण ज्या अर्थी ते डीमध्ये आहे, त्या अर्थी डोक्याने ते सोडून दिलं होतं.

बा ओटीवर बाजेवर होता. मला बघताच डावा हात उचलला, बोटं हलवली.

"हाय, बा," मी म्हटलं. एवढं बोलून थांबायला हवं होतं. पण मला भीती वाटली की आज बोलले नाही तर उरलंसुरलंही जाईल, आणि ज्याच्याकडून तपासून घेता येईल असा एकच माणूस जगात होता. म्हणून मी आवाज बारीक करून म्हणायला लागले. पहिली खूण नीट आली. त्याने डोळे मिटले, त्याचा चेहरा सैल झाला. दुसरीला मी म्हटलं, ताड उजवीकडे.

त्याने डोळे उघडले.

त्याने माझं मनगट पकडलं आणि माझा हात डावीकडे नेला. "हो, हो, डावीकडं," मी म्हटलं. मग खाडीच्या तोंडाची खूण आली. काळदुर्गाचा माथा कशावर यायला हवा? देऊळ म्हटलं, त्याने नकारार्थी मान हलवली. चिंच म्हटली. शाळेचं छप्पर म्हटलं. बर्फाचा कारखाना म्हटला. जे जे मुरब्यात उंच आहे ते सगळं मी म्हणत गेले आणि प्रत्येक वेळी तो नाही म्हणत गेला, तोंड उघडत होता, त्यातून नुसता श्वास येत होता. त्याला ते दिसत होतं, अगदी समोर दिसत होतं. त्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की मला ओरडावंसं वाटलं.

मग माझ्याकडची नावं संपली. तो वाट पाहत राहिला, आणि शेवटी त्याने माझा हात सोडून दिला.