हशात बुडालेलं वाक्य

लोकांच्या हसण्यावर चिडणारा माणूस अख्ख्या लातुरात एकच, आणि ते माझे धाकटे दीर. तेही विनोदी सिनेमांवर जीव असून. त्यांची सारी नोकरी टॉकीजच्या वरच्या केबिनमध्ये, मशीनवर गेली. खाली लोक खदखदून हसले की पडद्यावरचं पुढचं वाक्य कुणाला ऐकू जात नसे; केबिनमधल्या लहान भोंग्यावर ते एकट्या भाऊजींना कळायचं. अशा वाक्याला त्यांनी नाव दिलं, 'बुडीत वाक्य'. पुढं पुढं हशा येणार म्हटलं की ते आधीच आवाज वाढवायला लागले. एकदा एवढा वाढवला की बाल्कनीतलं एक तान्हं दचकून रडायला लागलं, आणि त्या रडण्यात आणखी दोन वाक्यं बुडाली. लग्नाच्या पंगतीत कुणी विनोद केला की सगळे हसत असायचे आणि भाऊजी सांगणाऱ्याच्या तोंडाशी कान लावून उभे. आमचे मालक, म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ, म्हणायचे, "याला हसायला बोलवू नका, ऐकायला बोलवा."

टॉकीज पाडली, तिथं क्लासेसची इमारत झाली. मग भाऊजींनी मनावर घेतलं की 'बुडीत वाक्य' हा शब्द इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात गेलाच पाहिजे. त्यांच्या सुनेकडून मोबाइलवर नोंद लिहून घेतली. मी चौथी शिकलेली, तरी मला वाचून दाखवली.

"भाऊजी, हा शब्द तुमच्याशिवाय वापरतंय कोण?"

"तुम्ही वापरा की वैनी. मंग दोघं होतात. मशीन गेली, टॉकीज गेली, शब्द तरी राहू द्या."

आठ दिवस रोज संध्याकाळी ते सुनेला मोबाइल उघडायला लावत. रविवारी सगळे जेवायला बसलो असताना उत्तर आलं. तिनं वाचलं, "नोंद काढून टाकली आहे. हा शब्द एका व्यक्तीपलीकडे कुणी वापरत असल्याचं दिसत नाही."

त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबा, रेशन कार्डावरचं तुमचं नाव बघून घ्या. तेबी काढलं असंल."

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू, पार ठसका लागेपर्यंत. तेवढ्यात भाऊजी ताटाकडं बघत काहीतरी बोलले. ओठ हललेले मला दिसले. हसू ओसरल्यावर मी विचारलं, "काय म्हणलात भाऊजी?"

"काई न्हाई. भाजी वाढा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "ते गेलं, वैनी."

त्यांच्या अगदी शेजारी बसले होते मी.